अठरा पेन्सची जागा

१९ जानेवारी १६६१. लंडनमधल्या एका नाट्यगृहात सॅम्युअल पीप्स नावाचा एक सरकारी अधिकारी नाटक पाहत बसला होता. वय अठ्ठाविशीला टेकलेले, आरमाराच्या कचेरीत मानाचा हुद्दा, वर्षाला साडेतीनशे पौंड पगार. जागा मात्र त्याने दीड शिलिंगाची, म्हणजे अठरा पेन्सची घेतली होती. सहज नजर गेली तर त्याच्याच कचेरीतले चार कारकून अडीच शिलिंगांच्या जागेवर बसलेले! साहेब खालच्या दरात आणि कारकून वरच्या दरात. नाटक त्याला फारसे रुचले नाहीच, पण ही टोचणी त्याने घरी गेल्यावर रोजनिशीत लिहून ठेवली.

ही रोजनिशी नसती तर पीप्स आज फक्त इंग्लंडच्या आरमाराच्या इतिहासात उरला असता. १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत तो रोज लघुलिपीत लिहीत राहिला. दुसऱ्यांसाठी लिहायचे नव्हते, म्हणून त्यात लपवाछपवी नाही. त्या काळातले बडे लोक नाटकाला आणि गाण्याला कसे जात, कुठे बसत आणि रंगमंच सोडून कोणाकडे बघत, हे या शिंप्याच्या मुलाइतके कोणी सांगितलेले नाही. (आडनावाचा उच्चार ‘पीप्स’ असाच करतात, इंग्रजी स्पेलिंग पाहून आमचीही बरीच वर्षे फसगत होत होती.)

त्याचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ चा, लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटजवळचा. तो नऊ वर्षांचा असताना यादवी सुरू झाली आणि १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली. पुढे राजाचा शिरच्छेद झाला. तो शाळकरी सॅम्युअलने प्रत्यक्ष पाहिला. कर्मठ प्युरिटन मंडळींना नाटक म्हणजे पाप वाटे. म्हणजे अठरा वर्षे, ऐन उमेदीचा काळ, या रसिकाने उघड्या नाट्यगृहाविना काढला. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परत आला. त्याला हॉलंडहून आणणाऱ्या आरमारात पीप्सचा वडीलधारा नातलग एडवर्ड माँटेग्यू प्रमुख होता, आणि त्याचा चिटणीस म्हणून पीप्सही जहाजावर होता. त्या एका फेरीत दोघांचे नशीब फळफळले. माँटेग्यू सँडविचचा अर्ल झाला आणि पीप्सला आरमाराच्या कचेरीत जागा मिळाली.

राजाने थॉमस किलिग्रू आणि विल्यम डॅव्हेनंट या दोघांनाच नाटक मंडळ्या चालवायची सनद दिली. तोवर स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत. १६६० च्या ऑगस्टमध्ये पीप्सने एडवर्ड किनॅस्टन या नटाला स्त्रीवेषात पाहिले आणि इतकी देखणी बाई आपण पाहिली नव्हती, असा निर्वाळा दिला. बालगंधर्वांच्या आठवणी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पुढच्या जानेवारीत त्याने पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या स्त्रिया रंगमंचावर पाहिल्या, आणि बघता बघता किनॅस्टनसारख्यांचा तो जमाना संपला.

नाटके दुपारी तीन-साडेतीनला लागत. आपल्या जुन्या थिएटरांत पिट म्हणजे सगळ्यांत स्वस्त जागा. लंडनचे पिट मात्र रंगमंचासमोरचे, अडीच शिलिंगांचे आणि नटव्या तरुणांचे आवडते. बॉक्सला चार शिलिंग, मधल्या गॅलरीला दीड, अगदी वरच्या गॅलरीला एक. संत्री विकणाऱ्या पोरी बाकांमधून हिंडत. नेल ग्विन त्यांतलीच. ती पुढे नटी झाली आणि नंतर राजाची प्रेयसी. मोठ्या घरच्या बायका तोंडावर मुखवटा चढवून येत. जागा क्रमांकाने मिळत नसे, त्यामुळे नव्या नाटकाला पीप्स दुपारी बारालाच जाई आणि एखाद्या गरीब माणसाला चार पैसे देऊन आपल्या जागेवर बसवून ठेवी. खुर्चीवर रुमाल टाकून चहाला जाणाऱ्यांनी या थोर पूर्वसुरीचे स्मरण ठेवावे.

आणि नाटक? ते बरेचदा प्रेक्षकांतच चाले. राजा समोर बसलेला असे, त्याची प्रेयसी लेडी कॅसलमेन जवळपास असे, आणि पीप्स तिच्याकडे टक लावून पाही. १६६७ च्या फेब्रुवारीत त्याच्या शेजारी सर चार्ल्स सेडली हा दरबारी कवी एका मुखवट्यातल्या बाईशी अशी काही जुगलबंदी करत बसला की नाटकातले अक्षर पीप्सच्या कानी पडले नाही. तक्रार मात्र नव्हती. संवाद बाकावरच सरस होते. एकदा तर अंधारात पुढच्या बाई मागे वळून थुंकल्या त्या नेमक्या याच्या अंगावर. त्या दिसायला सुरेख आहेत हे कळल्यावर त्याचा राग मावळला.

पण घरी येऊन हिशेबाची वही उघडली की त्याच्यातला प्युरिटन जागा होई. इतका वेळ, इतका पैसा! मग तो शपथा घेई: अमुक दिवसापर्यंत नाटक नाही, दारू नाही, मोडली तर गरिबांच्या पेटीत दंड. शपथेतून वाट काढण्यातही तो वस्ताद. दुसऱ्याने तिकीट काढले तर मोडली असे होत नाही, हा त्याचा न्याय. एवढे करूनही रोजनिशीच्या साडेनऊ वर्षांत तो तीनशेहून अधिक वेळा नाटकाला गेला. शेक्सपियरबद्दलची त्याची मते वाचून प्राध्यापक मंडळी आजही कपाळाला हात लावतात. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ त्याला इतके नीरस वाटले की पुन्हा पाहणार नाही असे त्याने ठरवले. ‘मॅकबेथ’ मात्र नाच-गाणी घातलेल्या रूपात त्याने पुन:पुन्हा पाहिले. बेटर्टनचा हॅम्लेट त्याच्या मते अभिनयाची परिसीमा. आम्हाला यात खोट दिसत नाही. तिकीट काढणाऱ्याला मत असणारच.

१९ ऑक्टोबर १६६७ ला गर्दीमुळे नाइलाजाने त्याला चार शिलिंगांच्या बॉक्समध्ये बसावे लागले. आयुष्यात पहिल्यांदाच. तिथून पडदे-देखावे छान दिसतात, असे त्याला आढळले. तीन महिन्यांनी तोच माणूस कुरकुरतो, की पिटमध्ये हल्ली उमेदवार पोरे आणि सामान्य लोक दिसू लागले, आमच्या वेळी एवढे पैसे टाकायची कोणाची छाती नव्हती! अठरा पेन्सची जागा तो किती लवकर विसरला पाहा.

संगीताच्या बाबतीत मात्र तो असा हिशेबी नव्हता. ल्यूट, व्हायोल, फ्लॅजोलेट तो वाजवी, गाई, चाली बांधी. १६६६ मध्ये काढून घेतलेल्या चित्रात त्याच्या हातात पैशाची थैली नाही, स्वतः बांधलेल्या गाण्याचा कागद आहे. तिकीट काढून ऐकायच्या मैफली तेव्हा लंडनात नव्हत्याच. गाणे घरात, खानावळीत, दरबारात, किंवा राणीच्या कॅथॉलिक प्रार्थनामंदिरात. ही राणी म्हणजे पोर्तुगालची कॅथरिन; मुंबई बेट आंदण घेऊन आली ती. तिला १६६२ मध्ये लिस्बनहून आणले पीप्सच्याच सँडविचने. बेट फारसे कामाचे नाही, पोर्तुगीजांनी आपल्याला फसवले, अशी बातमी पीप्सने पुढच्या वर्षी रोजनिशीत टिपली आहे! पुढे लॉर्ड ब्राउंकरच्या घरी त्याने इटालियन गवयी ऐकले. गाणे उत्तम, पण भाषा कळत नाही तोवर मन भरत नाही. प्रत्येक देशाचे सूर त्याच्या बोलीतून येतात, असे त्याचे मत पडले. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून मराठी पदांवर जीव टाकणाऱ्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

१६६८ च्या फेब्रुवारीत ‘व्हर्जिन मार्टिर’ नाटकात देवदूत खाली उतरताना फुंकवाद्ये वाजली. पीप्सचा जीव अक्षरशः कासावीस झाला. लग्नाआधी बायकोच्या प्रेमात पडला होता तेव्हा व्हायचा तसा. रात्रभर त्याला दुसरे काही सुचले नाही. आपणही तसे वाद्य शिकायचे आणि बायकोलाही शिकवायचे, असे त्याने ठरवले.

ही बायको म्हणजे एलिझाबेथ. लग्नात ती जेमतेम पंधराची. तो तिच्याबरोबर गायला बसे, ती बेसूर झाली की चिडे, ती रडू लागे, मग याला वाईट वाटे. तिच्या नृत्यशिक्षकाचा त्याला मत्सर. स्वतः मात्र मोलकरणींशी आणि इतर बायकांशी जे वागला ते त्याने आपल्याच हाताने लिहिले आहे. ते माफ करण्याजोगे नाही, आणि त्याची रसिकता सांगताना ते झाकून ठेवणेही बरे नाही.

नाट्यगृहातल्या मेणबत्त्यांनी त्याचे डोळे दुखू लागले. आंधळे होण्याच्या भीतीने १६६९ च्या मे अखेर त्याने रोजनिशी थांबवली. दृष्टी गेली नाही. पण त्याच नोव्हेंबरात एलिझाबेथ तापाने गेली, वय एकोणतीस. त्याने पुन्हा लग्न केले नाही.

१६७२ च्या अखेरीस जॉन बॅनिस्टर या व्हायोलिनवादकाने एक शिलिंग घेऊन मैफली सुरू केल्या; शिलिंग असेल तो ऐकू शकत होता. पीप्स तोवर बढतीच्या वाटेवर होता. १६७५ मध्ये त्याने सेझारे मोरेली हा लिस्बनहून आलेला गायक घरीच ठेवून घेतला. हाच शौक त्याच्या गळ्याशी आला. कॅथॉलिकांच्या कटाच्या अफवेने १६७८ मध्ये लंडन पिसाळले. पीप्सने मोरेलीला शहराबाहेर पाठवले, तरी कामावरून काढलेल्या एका जुन्या नोकराने सांगितले, की तो गवयी नव्हे, वेष पालटलेला जेझुइट पाद्री आहे. त्यात फ्रान्सला आरमाराची गुपिते विकल्याचा आरोप. १६७९ च्या मे महिन्यात पीप्सची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. खटला उभाच राहू शकला नाही, नोकराने मरताना खोटेपणा कबूल केला. पण हुद्दा गेला तो परत यायला १६८४ साल उजाडले.

१९ एप्रिल १६८७ ला सिफाचे हा युरोपभर गाजलेला इटालियन गायक पीप्सच्या घरी गायला. राजेरजवाड्यांखेरीज कोणापुढे गाणे त्याला कमीपणाचे वाटे; फार मिनतवारीने तो आला. तिकीट नव्हते. पीप्सने निवडून बोलावलेली मोजकी मंडळी तेवढी होती.

दोन वर्षांनी राज्य पालटले आणि त्याची नोकरी कायमची गेली. २६ मे १७०३ ला तो क्लॅपहॅम येथे वारला. त्याची तीन हजार पुस्तके केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याच्याच कपाटांत आहेत: रोजनिशीचे सहा खंड, आणि मोरेलीने त्याच्यासाठी उतरवून दिलेली गाणी.