लोकनायक बापूजी अणे

दिंडीत चालणाऱ्याने पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवावे हे खरे. पण गळ्यात माळ घालावयाची की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. दुसऱ्याने सांगून ते होत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला एक पुरुष राजकारणातही असाच वागला. माधव श्रीहरी अणे त्यांचे नाव; लोकांच्या तोंडी बापूजी.

बापूजींचा जन्म वणीचा, २९ ऑगस्ट १८८०. शिक्षण नागपुरास, वकिली यवतमाळास, संस्कृताचा व्यासंग दांडगा. गुरू मानले ते लोकमान्य टिळकांना. १९२० साली टिळक गेले आणि सारा देश गांधीजींच्या मागे लोटला. टिळकांचे पुष्कळ अनुयायीही तिकडे वळले. बापूजींचा गांधीजींविषयी आदर पुरा. पण कायदेमंडळांवरचा बहिष्कार काही पटेना. तेव्हा केळकर, मुंजे, जयकर यांच्यासंगे त्यांनी टिळकांचा प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरला. सरकार जितके देईल तितके घ्यावे, उरलेल्यासाठी भांडावे, असा तो मार्ग.

मग हेच बापूजी १९३० साली तुरुंगात कसे गेले? तर असे पाहा. वऱ्हाडात समुद्र नाही, मिठाचा कायदा मोडणार कोठे? इथल्या शेतकऱ्याला जाच जंगलच्या कायद्याचा. डोळ्यांसमोर गवत उभे आणि गुरे उपाशी! १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापले आणि शिक्षा भोगली. कालपर्यंत वाद घालणारा आज विळा घेऊन पुढे, हे पाहून कित्येक चकित झाले. पटले म्हणून गेले, एवढेच त्याचे कारण.

१९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दुसऱ्याने ते सांभाळून ठेवले असते. पण जातीय निवाडा स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही, ही काँग्रेसची भूमिका त्यांना रुचेना. १९३४ साली पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर ते बाजूला झाले आणि दोघांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला.

आता नाजूक जागा येते, आणि ती झाकून चरित्र सांगणे बरे नव्हे. १९४१ साली बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींसह सगळे पुढारी पकडले गेले, तरी हे मंडळातच! ज्यांनी लोकनायक म्हटले त्यांनीच बोल लावले. माझ्या मते तेव्हा राहणे चुकले. पण कोणी दटावले म्हणून ते उठले नाहीत, हेही तितकेच खरे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी कैदेत एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. सरकार त्यांना सोडीना. त्या वेळी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. ज्यांचा मार्ग कधी पुरता मानला नाही, त्यांच्या प्राणांसाठी अधिकार सोडला. त्याच वर्षी पुन्हा सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. टीकाकारांना आयते निमित्त मिळाले. मिळो बापडे!

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. तेथून परतल्यावर माणूस विसावला असता. पण १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, सर्वत्र आनंद झाला, आणि हे म्हातारबुवा स्वतंत्र विदर्भ मागत राहिले. १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, नागपुरातून अपक्ष उभे राहून लोकसभेवर निवडून आले. विदर्भाविषयी ज्याचे त्याचे मत निराळे असेल. मी त्या वादात शिरत नाही.

एका बाबतीत मात्र हा हट्टी माणूस जन्मभर शिष्यच राहिला. उतारवयात त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचले, ‘श्रीतिलकयशोऽर्णव’. हजारो श्लोकांचा तो ग्रंथ! छंद सांभाळणे किती कष्टाचे, हे पाठशाळेत पाठ घोकलेल्यालाच कळेल. २६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींनी देह ठेवला. त्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, १९७३ साली.