दगड गोळा करणारा पाद्री

सेकंड इयरला जिऑलॉजीच्या ट्रिपला आम्ही किनवटच्या जंगलात गेलो होतो. मी सॅकमध्ये पाच-सहा चमकणारे दगड टाकले. निघताना वनरक्षक मामांनी ते सगळे बाहेर काढायला लावले. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातला दगड आणि खनिजसुद्धा वनउपज धरलंय, परवानगीशिवाय खडाही न्यायचा नाही. बसमध्ये आमची कुरकुर चालू झाली तेव्हा सरांनी स्टीफन हिस्लॉपचं नाव काढलं. आम्हाला हिस्लॉप म्हणजे नागपूरचं कॉलेज, एवढंच ठाऊक. नंतर लायब्ररीत बसून वाचलं (सबमिशन तोंडावर असताना!), ते इथं लिहितोय.

हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स गावी जन्मला. मिशनरी म्हणून १८४४ च्या शेवटी मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी नागपूरला आला. तेव्हा तिथं भोसल्यांचं राज्य होतं. मराठी शिकला, शाळा काढली. त्याचं काम धर्मप्रसाराचं, ते त्यानं शेवटपर्यंत केलं. पण त्याबद्दल मी लिहीत नाही. मला ओढ लागली ती त्याच्या दगडांची.

१८५१ साली रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर तो नागपूरच्या पश्चिमेला टाकळीकडं फिरायला गेला होता. तिथं खडकात त्यांना शिंपला दिसला. गोड्या पाण्यातला! आता आपण सगळे काळ्या पाषाणावरच वाढलेलो. लाव्हारसाच्या थरांत शिंपला कुठून येणार? पण दोन लाव्हांच्या मधे बराच काळ गेला, तेवढ्यात तिथं तळी साचली, झाडं उगवली, आणि पुढचा लाव्हा त्यावर पसरला. तो मधला गाळाचा थर या दोघांना सापडला होता. मग त्यांना चैन कसली पडते! हाडं, बिया, फळं, किड्यांच्या पंखांची कवचं असं काय काय त्यांनी जमवलं. पुढं कामठीच्या वाळूच्या दगडात झाडांच्या पानांचे ठसे मिळाले. मांगलीहून एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली, तिला १८५५ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेननं ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला जी प्रचंड हाडं मिळाली, ती डायनोसॉरची निघाली. टाकळीच्या एका हिरव्या कॅल्साइटला तर १८५९ मध्ये हिस्लोपाइट असंच नाव पडलं. आज ते वेगळं खनिज मानत नाहीत, ही गोष्ट निराळी.

गडी चुकलाही. टाकळीचा थर त्यानं डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळात टाकला. आज तो डायनोसॉर युगाच्या अखेरचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. पण कोणता नमुना कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, हे त्यानं लिहून ठेवलं होतं. म्हणून तर नंतरच्यांना त्याच जागी जाऊन त्याची चूक काढता आली.

त्याला मात्र कुणी वनरक्षक आडवा आला नाही. देशात वनखातंच १८६४ साली निघालं, आणि त्याच्या आदल्या वर्षी हा गेला. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहायला गेला होता. संध्याकाळी एकटाच घोड्यावरून बोरीकडं परत निघाला. पावसानं ओढा फुगलेला. घोडा एकटाच मुक्कामाला पोचला, तेव्हा शोधाशोध झाली आणि प्रेत मिळालं. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंड आणि इतर आदिवासींबद्दलची त्याची टिपणं रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापली. कॉलेजला नाव मिळालं ते १८८३ साली.

त्याचे कितीतरी नमुने आज लंडनच्या म्युझियममध्ये आहेत. नागपूरच्या पोराला ते बघायचे तर विमानाचं तिकीट काढावं लागेल. हे वाचल्यावर त्या मामांवरचा माझा राग बराच उतरला.

दिवाळीच्या सुट्टीत अहमदपूरला गेलो. आमच्या कोनाड्यात पांढऱ्या स्फटिकांचा एक दगड वर्षानुवर्षं पडलाय, बहुधा झिओलाइट. लहानपणी मी त्याला हिरा म्हणायचो. आमच्याच विहिरीतला, एवढंच घरी सगळे सांगतात. कुठल्या थरातला, ते वडिलांना माहीत नव्हतं. आजोबांना विचारलं. विहीर त्यांच्या हातची. त्यांनी डोळे मिटून आठवलं : वर काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड, मग तांबड्या मातीचा पट्टा, त्याखाली पुन्हा दगड, आणि तिथं सुरुंग उडवल्यावर हे निघालं. सात परसांवर. मग म्हणाले की नाही, आठ असतील.

जर्नलचा कोरा कागद कापून चिठ्ठी केली. अहमदपूर, घरची विहीर, तांबड्या पट्ट्याखाली, सात किंवा आठ परस. डिंकानं दगडाला चिकटवली.