मार्कमेमोवरचे हेडमास्तर

निलंग्यातल्या कुठल्याही सीनियर कॉलेजच्या पोराचा मार्कमेमो बघा, वर विद्यापीठाचं नाव एकच. आपण बोलताना त्याचं 'स्वारातीम' करून टाकलंय. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेजही त्याच नावाचं, तिथं 'स्वाराती'. पूर्ण नाव स्वामी रामानंद तीर्थ. स्वामी म्हटलं की डोळ्यांसमोर मठ आणि प्रवचन येतं. हे स्वामी मात्र शाळेत शिकवायचे.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आताच्या कर्नाटकातल्या सिंदगीचा. हायस्कूल सोलापूरला. गिरण्यांचं गाव ते, भोंग्यावर चालणारं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. त्या दिवशी या मुलानं लग्न न करता देशसेवा करायचं ठरवलं. वय सोळा! आपल्याला सोळाव्या वर्षी सायन्स की आर्ट्स हे ठरत नाही. त्यानं असहकारात सरकारी शाळा सोडली, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षण घेतलं, मग पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून एम.ए. केलं. पुढं कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं.

एवढं शिकलेला माणूस १९२९ मध्ये आला कुठं, तर हिप्परग्याला. धाराशिव जिल्ह्यातलं खेडं, निलंग्याहून फार लांब नाही. तिथं १९२१ पासून राष्ट्रीय शाळा होती. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून चालायचं. घरात मराठी, वर्गात उर्दू. खासगी शाळा चालवायची तर सरकारची परवानगी लागे आणि नजरही असे. अशा काळात मराठी मुलांना शिकवणं म्हणजे नुसती नोकरी नव्हती. इथंच १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रं आली, पण शाळा सुटली नाही. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले, योगेश्वरी नूतन विद्यालयाचे हेडमास्तर म्हणून. संन्यासी हेडमास्तर! त्या वर्गात बसायला मिळालं असतं तर, असं मला राहून राहून वाटतं.

१९३८ मध्ये शेवटी शाळा सोडावी लागली. हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आधीच निजामानं तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. शाळा की लढा, दोन्ही एकदम जमणार नव्हतं. जी मुलं घडवायची होती ती मागं राहिली, हे त्यांना सोपं गेलं असेल असं मला तरी वाटत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि इकडं त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. मध्ये सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत. पोलीस ॲक्शन झाली, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, तेव्हा कुठं बाहेर पडले. आपण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन करतो ती हीच तारीख. १९९४ मध्ये नांदेडचं विद्यापीठही याच तारखेला सुरू झालं.

नंतर ते दोनदा लोकसभेवर गेले, आधी गुलबर्ग्यातून, मग औरंगाबादमधून. पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानायचे. २२ जानेवारी १९७२ ला ते हैदराबादेत वारले. समाधी तिथंच आहे, बेगमपेटला.