केडगावची निःशब्द सेवा

मराठवाड्यातील वाचकाला दुष्काळ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ येथील अनेक कुटुंबांच्या स्मरणात आहे. दुष्काळाच्या हिशेबात पर्जन्यमान येते, धान्याचे भाव येतात, कामावरील मजुरांची संख्याही येते. अनाथ मुलीच्या जटा झालेल्या केसांतून फणी फिरविणाऱ्या हाताची नोंद मात्र कोणत्याच रकान्यात होत नाही. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध अशा नोंदीविना राहिलेल्या कामात गेला.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई या मातापित्यांनी संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले आणि मातापिता गेले. पुढे भावासह पायपीट करीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. पतीच्या निधनानंतर १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, नंतर अमेरिकेचा दौरा आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, हा त्यांच्या कीर्तीचा काळ होय.

१८९३ मध्ये ही कीर्ती ओसरली. सदनातील विधवा ख्रिस्ती धर्माकडे वळविल्या जातात, या आरोपावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या आक्षेपाला आधारच नव्हता असे म्हणता येणार नाही. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपविली नाही. तथापि, त्या वादाच्या धुरळ्यात पुढची जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्राच्या दृष्टीआड झाली, हेही तितकेच खरे आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व बालविधवा यांना घेऊन परतल्या. उपासमारीने आप्त गमावलेल्या स्त्रीला त्या मुलींची भूक वेगळी समजावून घ्यावी लागली नाही. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. दौंडजवळील केडगावच्या ओसाड जमिनीवर ‘मुक्ती सदन’ वाढत गेले. शेती, विणकाम, छापखाना अशी स्वावलंबनाची कामे तेथे उभी राहिली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम कन्या मनोरमाबाईंनी केले.

ज्यांच्या वक्तृत्वाने एके काळी सभा जिंकल्या, त्या रमाबाई या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या अभ्यासात गढल्या होत्या. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणणे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या स्त्रिया मुक्तीतल्याच होत्या. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या एका मुलीच्या वियोगानंतरही भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

दान गुप्तपणे करावे, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही ख्रिस्ताची शिकवण. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी ज्याचे त्याने मत बनवावे. मात्र त्यांच्या सेवेचे मोल ठरविताना कलकत्त्याच्या पदव्यांहून केडगावच्या आवारात फणी, पाटी आणि खिळे हाती घेतलेल्या अनामिक स्त्रियांकडे पाहावे लागेल. ज्या सेवेचा हिशेब कोणी ठेवला नाही, तिच्यामुळेच कित्येक मुलींचे जगणे शक्य झाले. अर्थशास्त्राच्या जमाखर्चात न मावणारी ही जमा समाजाने विसरू नये.