भिंतीच्या पोटातला सुतार

आमच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतीत बळद होतं. लपाछपीत मी एकदा त्यात शिरलो नि घटकाभरात रडत बाहेर आलो. निकोलस ओवेनची हकिगत वाचताना तो काळोख आठवला.

ऑक्सफर्डच्या सुताराचा हा बुटका, लंगडा मुलगा. १५८५च्या कायद्याने इंग्लंडात कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. ओवेनने सुमारे अठरा वर्षं अशा घरांतून चोरखोल्या केल्या. जिन्याखाली, धुराड्यामागे, जाड भिंतींत. दिवसा नोकरांदेखत साधी सुतारकी, रात्री एकट्यानेच दगड फोडायचे.

जानेवारी १६०६मध्ये हिंडलिपच्या वाड्याला शंभरावर माणसांचा वेढा पडला. चोरखोलीत ओवेन, एक सोबती आणि दोघांत मिळून एक सफरचंद! चौथ्या दिवशी दोघे आपणहून बाहेर आले. आपल्यालाच धर्मगुरू समजून शोध थांबेल, असा होरा असावा. तो चुकला, झडती चालूच राहिली.

लंडनच्या टॉवरमध्ये, अंतर्गळाचा विकार असताना, त्याला मनगटांनी टांगलं. मार्चमध्ये आतडी फुटून तो गेला. सरकारने आत्महत्या जाहीर केली. एकाही खोलीचा पत्ता त्याने दिला नव्हता. काही अजून सापडायच्या असाव्यात, असं तिकडचे जाणकार मानतात.