फॅरेडेचे पोलाद आणि फॅरेडेचा नियम

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहायला गेलेला माणूस तिथल्या चांदीच्या आगगाडीपाशी थोडा रेंगाळतोच. माधवराव शिंदे (१८७६-१९२५) यांच्या मेजवान्यांत ही चिमुकली गाडी टेबलावरून विजेवर धावे आणि पाहुण्यांपुढे ब्रँडी व सिगार नेई. कोणी बाटली उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे, असे सांगतात. चांदी, वीज आणि मध्येच तुटून पुन्हा जुळणारा प्रवाह! विजेची मोटर असो वा चांदीचा मुलामा, दोहोंचा माग काढीत गेले तर आपण लंडनच्या एका लोहाराच्या घरी पोहोचतो.

मायकेल फॅरेडे या लोहाराचा मुलगा. जन्म २२ सप्टेंबर १७९१. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो रीबो नावाच्या पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. पोराने सगळी टिपणे सुवाच्य उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच पुस्तक बांधले आणि डेव्हीकडे पाठवून दिले. मार्च १८१३ मध्ये तो प्रयोगशाळेत मदतनीस झाला. पुढे डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासात त्याला गड्याचीही कामे करावी लागली आणि डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखेच वागवले. पण त्याच प्रवासात त्याने व्होल्टालाही पाहिले.

१८२१ मधले चुंबकाभोवती फिरणाऱ्या तारेचे आणि १८३१ मधले विद्युत-प्रवर्तनाचे प्रयोग आपण पाठ्यपुस्तकात शिकतोच. त्याचे एक काम मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

हिंदुस्थानातून तेव्हा 'वुट्झ' नावाचे पोलाद इंग्लंडात जाई. हा शब्द कानडी 'उक्कु'वरून आला असावा असे मानतात. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल. त्याची धार आणि अंगावरची लहरींसारखी नक्षी यांनी विलायती कारागीर चकित झाले होते. जेम्स स्टोडार्ट या सुरी-कात्र्या करणाऱ्याबरोबर फॅरेडे त्याच्या मागे लागला. १८१९ साली त्याने वुट्झचे पृथक्करण केले आणि मर्म त्यातल्या अल्युमिनियममध्ये आहे असे ठरवले. ते चुकीचे होते. मग दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, रोडियम मिसळून पाहिले. धातूत काय आहे हे शोधता येत होते. ते कसे रचले आहे हे पाहण्याचे साधन नव्हते. वुट्झची नक्षी त्यातल्या कार्बाइडाच्या कणांच्या रांगांनी उमटते, हे फार पुढे कळले. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि ते काम थांबले.

पुढे १८३३-३४ मध्ये फॅरेडेने विद्युत-विघटनाचे नियम मांडले. द्रावणातून जितकी वीज जाईल तितक्या प्रमाणात ऋणाग्रावर धातू बसेल. काही वर्षांतच, १८४० मध्ये, बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलत भावांनी चांदीच्या मुलाम्याचे पेटंट घेतले. पण हा नियम केवळ वजन सांगतो. बसलेला धातू भरड होईल की बारीक, कठीण होईल की मऊ, याबद्दल तो गप्प आहे. म्हणजे वुट्झने अडवले होते तोच प्रश्न पुन्हा दारात उभा!

त्याचे एक उत्तर विसाव्या शतकात प्रवाह तोडण्यात सापडले. काही मिलिसेकंद जोराचा प्रवाह द्यायचा, मग थांबायचे, पुन्हा द्यायचा. जोराच्या ठोक्यात असंख्य नवे स्फटिक-अंकुर फुटतात. विश्रांतीत ऋणाग्राजवळ कमी पडलेले आयन द्रावणातून पुन्हा भरून निघतात. स्फटिक बारीक होतात, थर बहुधा कठीण व घट्ट बसतो आणि स्फटिकांचा कल कोणत्या दिशेला असावा यावरही काहीसा ताबा मिळतो. अर्थात विश्रांती लांबली तर काही धातूंत स्फटिक उलट वाढतात, म्हणून ठोका आणि विश्रांती यांचे माप प्रत्येक द्रावणासाठी वेगळे शोधावे लागते. धातूचे एकूण वजन मात्र फॅरेडेच्याच नियमाने, सरासरी प्रवाहावरून निघते. काही वीज हायड्रोजन सोडण्यात खर्ची पडते तेवढी वजा करायची.

चाळिशी उलटल्यावर फॅरेडेची स्मरणशक्ती ढासळू लागली. १८४१ मध्ये काम सोडून त्याला स्वित्झर्लंडला विश्रांतीसाठी जावे लागले. केलेले प्रयोगही तो विसरे. म्हणून वहीतल्या परिच्छेदांना क्रमांक घालण्याची त्याची जुनी शिस्त आता त्याचा आधार झाली. मला तर वाटते, त्याचा खरा पराक्रम या वर्षांतला आहे, कारण चुंबकाने प्रकाशाचे ध्रुवण फिरते हे त्याने यानंतर, १८४५ मध्ये दाखवले. त्याने 'सर' ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत नव्हे, तर त्याच्या इच्छेप्रमाणे हायगेटच्या दफनभूमीत त्याला साधेपणाने पुरले.

त्याच्या पोलादाच्या तुकड्यांची एक पेटी मागे राहिली होती. रॉबर्ट हॅडफील्डने त्यातले ७९ नमुने तपासले आणि १९३१ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. काहींत प्लॅटिनम निघाले, काहींत रोडियम.