स्तेफां आणि त्याचे पंचक

पंचक म्हटले की आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. मी सांगतो आहे ते पंचक निराळे. गंमत एवढीच, की तेही धनिष्ठापंचकातल्या पूर्वाभाद्रपदेच्या शेजारीच आहे. कार्तिकात रात्री आठच्या सुमारास आकाशाचा हा भाग इंदूरच्या जवळजवळ डोक्यावर येतो. पण साध्या डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही. पाच दीर्घिकांचा हा पुंजका ज्याने 1877 साली शोधला, त्या एदुआर स्तेफांची ही हकिकत.

1837 साली फ्रान्समधील न्योर शहराजवळ तो जन्मला. गणिताच्या बळावर नेपच्यूनचा ठाव सांगणाऱ्या लव्हेरियेने त्याला हेरले व मार्सेयच्या वेधशाळेत धाडले. तेथे फूकोने घडविलेली, काचेच्या आरशावर चांदीचा थर दिलेली 80 सेंटिमीटरची दुर्बीण होती. 1907 पर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तो त्या वेधशाळेचा प्रमुख होता.

18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी तो सयामला गेला. तीच छाया त्या दिवशी आधी आपल्या देशावरून गेली होती आणि जमखंडीला थोरल्या हर्शेलचा नातू वेध घेत होता. (आमच्या कानडी विभागाच्या संपादकांनी याची नोंद घ्यावी!)

1873-74 साली त्याने दुर्बिणीवर दोन फटींचे झाकण बसवून ताऱ्यांचे व्यास मोजू पाहिले. व्यास हाती लागले नाहीत. मात्र ते एका विकलेच्या सहाव्या भागाहूनही लहान आहेत, एवढे त्याने दाखविले. मला त्याच्या साऱ्या कामात हे अपयशच अधिक आवडते. पुढे 1920 साली मायकेल्सन व पीझ यांनी याच तत्त्वावर मृगातल्या काक्षीचा व्यास मोजला, तेव्हा म्हातारा हयात होता.

पंचकाच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. त्याला दिसले ते अंधुक मेघ. त्यांची स्थाने त्याने चोख टिपली. आज कळते, की पाचांतली एक या भागीदारीत नाहीच. ती 4 कोटी प्रकाशवर्षांवर, तर उरलेल्या चौघी सुमारे 29 कोटींवर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक सहावीच दीर्घिका यांच्याजवळून घुसून गेली. तिच्या ओढीने बाहेर खेचल्या गेलेल्या ताऱ्यांच्या व वायूच्या लांब शेपट्या आजही त्या टकरीची साक्ष देतात. शिवाय चौघींतली एक सध्या सेकंदाला 800 किलोमीटरहून अधिक वेगाने बाकीच्यांवर आदळते आहे.

31 डिसेंबर 1923 रोजी स्तेफां मार्सेयला वारला. देवयानीतला मेघ आपल्या आकाशगंगेबाहेरचा आहे, हे ज्यावरून ठरले तो तारा हबलला त्याच ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात सापडला होता. जगाला ते कळले 1924 च्या अखेरीस.